बोलल्याशिवाय डाव पुढे जात नसेल, तरच मुलं बोलतात

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, पट २८. मधल्या सुटीत मुलांची तोंडं बंद होत नाहीत, पण वर्गात आली की 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढ्यावर गाडी अडते. प्रशिक्षणात दाखवलेले भाषिक खेळ घेऊन पाहिले, तर ठरलेली चार-पाच मुलंच बोलतात. बाकीची हसतात, ढकलाढकली करतात आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो, 'मॅडम, जरा आवाज'. तर सगळी मुलं बोलती होतील असे शैक्षणिक खेळ कोणते?

मी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात बरीच वर्षं पहिली-दुसरीलाच शिकवते. त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील. खेळांची नावं पुढे देतेच, पण त्याआधी एक हिशेब करू.

२८ मुलं आणि खेळाला २० मिनिटं. गोल करून एकेकाला मध्ये बोलावलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाऊण मिनिट येतं. त्यातून उठून येणं, लाजणं, सदऱ्याचं टोक चावणं आणि आपलं 'बोल ना, घाबरतोस काय' वजा करा. हातात दहा-पंधरा सेकंद उरतात. तीच मुलं जोड्यांनी बसवली, तर एका वेळी १४ तोंडं चालू असतात आणि प्रत्येकाला साधारण १० मिनिटं बोलायला मिळतं. तुमच्या वर्गात चार-पाच जणच बोलतात याचं निम्मं कारण या हिशेबात आहे. गोलात धीट मूल बोलतं आणि बाकीचे प्रेक्षक होतात. प्रेक्षकांना कंटाळा आला की ते ढकलाढकली करणारच.

उरलेलं निम्मं कारण खेळात असतं. आपण चित्रकार्ड वर धरतो आणि विचारतो, 'हे काय आहे?' आंबा सगळ्यांनाच दिसतोय. विचारणाऱ्या बाईंनाही दिसतोय. मूल 'आंबा' म्हणतं आणि गप्प बसतं, कारण सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं. त्याला आपण लाजाळू ठरवतो. म्हणून कुठलाही खेळ घेण्याआधी मी दोन गोष्टी तपासते. बोलणाऱ्याला जे माहीत आहे, ते ऐकणाऱ्याला माहीत नाही ना? आणि न बोलता हा डाव जिंकता येतो का? पहिल्याचं उत्तर 'माहीत आहे' किंवा दुसऱ्याचं 'येतो' असलं, तर तो खेळ मजेचा असेल, पण बोलण्याचा नाही. बाजारात मिळणारे आणि शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात मांडलेले बरेचसे खेळ इथेच गळतात. जोड्या लावा, चित्र ओळखा, अक्षरांचा सापशिडीचा पट हे सगळं तोंड मिटून खेळता येतं. (प्रदर्शन संपलं की ते लॅमिनेट केलेलं साहित्य कपाटात जातं आणि पुढच्या प्रदर्शनालाच बाहेर येतं, ही गोष्ट वेगळी.)

आता माझ्या वर्गात सर्वांत जास्त चालणारा खेळ सांगते. मुलांनी त्याचं नाव 'भिंत' ठेवलंय. दोघं समोरासमोर बसतात, मध्ये दप्तर उभं करायचं, ती भिंत. दोघांपुढे एकेक पाटी आणि दोघांकडे सारख्याच वस्तू: चिंचोका, बाटलीचं झाकण, खडा, काडी, सुतळीचा तुकडा. एकाने आपल्या पाटीवर त्या हव्या तशा मांडायच्या आणि बोलून सांगायचं. दुसऱ्याने भिंतीपलीकडे न डोकावता तशाच मांडायच्या. मग दप्तर काढायचं आणि दोन्ही पाट्या बघायच्या. पैसा लागत नाही, तयारी पाच मिनिटांची.

पहिल्यांदा खेळताना साधारण असं ऐकू येतं:

'झाकण ठेव.'
'कुठं?'
'इथं.'
'इथं म्हंजे?'
'अरे, इथं!'

सांगणारा बोट पाटीवर जोरात आपटतो. पलीकडच्याला ना बोट दिसतं, ना पाटी. मग सांगणारा थांबतो, वर बघतो, आणि पहिल्यांदाच त्याला शब्द शोधावा लागतो. 'तुझ्या पोटाजवळ ठेव.' हे वाक्य मी शिकवलेलं नसतं. पुढे: 'खडा झाकणाच्या बाजूला.' 'कोणत्या बाजूला?' 'खिडकीच्या.' आणि दप्तर काढलं की भांडण. दोघांनीही झाकण आपापल्या पोटाजवळ ठेवलंय, दोघांचाही खडा खिडकीकडेच आहे, पण समोरासमोर बसल्यामुळे एकाचा खडा झाकणाच्या डावीकडे, तर दुसऱ्याचा उजवीकडे. 'मी खिडकी म्हटलं होतं!' 'मंग खिडकीकडंच ठेवला ना!' या भांडणात पडू नका. त्या पाच मिनिटांत ती दोघं जेवढं बोलतात, तेवढं आठवडाभराच्या भाषेच्या तासांना बोलत नाहीत. आणि पुढच्या डावाला 'तुझ्या उजव्या हाताकडे' आपोआप येतं, कारण आता त्याची गरज त्यांना कळलेली असते.

पहिलीला तीनच वस्तू द्या, दुसरीला पाच. सुरुवातीला एक डाव असा घ्या, की ऐकणाऱ्याने एकही प्रश्न विचारायचा नाही. मांडणी हमखास चुकते. पुढचा डाव प्रश्न विचारायची मुभा देऊन घ्या. प्रश्न विचारला की काम सोपं होतं हे मुलांच्या हाताला कळतं, सांगावं लागत नाही. तिसरी-चौथीला वस्तूंऐवजी चित्र: एकाने वर्णन करायचं आणि दुसऱ्याने पाटीवर काढायचं. घर, घरामागे झाड, झाडाला बांधलेली शेळी. शेळी झाडाच्या शेंड्यावर काढलेली पाहिली की वर्ग अर्धा तास हसतो, हेही धरून चाला.

जोड्या लावताना दोन्ही धीट किंवा दोन्ही मुखदुर्बळ असं करू नका, हे तर आहेच. पण फार धीट आणि फार गप्प अशी जोडीही लावू नका. धीट मूल दोघांचंही बोलून टाकतं. गप्प मुलाला थोडं कमी गप्प मूल द्यावं. एकत्र वर्गाचा इथे फायदाच होतो. दुसरीचं मूल पहिलीच्या मुलाला सांगताना स्वतःची वाक्यं सोपी करतं आणि परत परत सांगतं, म्हणजे सरावही त्याचाच होतो.

दुसरा खेळ संपूर्ण वर्गाचा आहे आणि वरच्या हिशेबात तो नापास होतो, तरी मी घेते, कारण गप्प मुलाचं तोंड सर्वांत आधी इथे उघडतं. मी एक घडलेली गोष्ट सांगते, पण चुकीची. 'काल मी दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाल्याने गव्हाच्या डब्यात पाणी ओतलं आणि म्हणाला, अर्ध्या तासाने दूध घेऊन जा.' मुलं ओरडतात. नियम एवढाच, की नुसतं 'चूक' म्हणायचं नाही, काय व्हायला हवं होतं ते सांगायचं. प्रश्नाला उत्तर देण्यात चुकायची भीती असते. इथे चुकलेल्या बाई असतात आणि बाईंना दुरुस्त करायची संधी सोडायला कुणीच तयार नसतं. पंधरा दिवसांत मुलं स्वतः चुकीच्या गोष्टी रचून आणतात. परिपाठाला ठरलेला सुविचार कुणीतरी पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा एका मुलाची चुकीची गोष्ट कितीतरी बरी.

'पिशवीत काय?' हा खेळ तुम्ही घेतच असाल. पिशवीत वस्तू लपवायची आणि मुलांनी प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी सगळे अंदाजच ठोकतात: 'आंबा का? पेरू का? चेंडू का?' यात बोलणं वाढत नाही. म्हणून प्रश्न दहाच, असं बंधन घाला आणि प्रत्येक प्रश्नाला फळ्यावर एक रेघ ओढा. सात रेघा वाया गेल्या की कुणीतरी विचारतं, 'खायचं असतं का?' तो प्रश्न उचलून धरा. एका प्रश्नात किती वस्तू बाद झाल्या ते मोजून दाखवा. मग 'घरात असतं का?', 'जिवंत असतं का?', 'आवाज करतं का?' असं सुरू होतं. शाळेत दिवसभर प्रश्न आपण विचारतो आणि उत्तरं मुलं देतात. मूल प्रश्न विचारतंय असा प्रसंग दिवसातून एकदाही येत नाही. हा खेळ ते उलटवतो. दोन-तीनदा सगळ्यांसोबत झाला की तोही जोड्यांवर न्या. घरच्या कोड्यांची गाठ इथे छान बसते. आजीकडून एक कोडं आणा म्हटलं की आणतात. कोकणात हुमाणं म्हणतात, आमच्याकडे कोडी, पण ती आजीकडे असतात हे सगळीकडे सारखं.

आपले जुने मैदानी खेळ 'बोलण्याचे खेळ' म्हणून सांगितले जातात, त्याबद्दल थोडं. मामाचं पत्र हरवलं या खेळात सगळे एका सुरात ठरलेल्या ओळी म्हणतात. नव्याने शाळेत आलेल्या मुलाचा आवाज गर्दीत मिसळून बाहेर येतो, उच्चाराला वळण लागतं, हे खरंच. पण स्वतःचं वाक्य त्यात एकही नाही. त्याला बोलण्याचा खेळ करायचा, तर रुमालात खरोखरच पत्र ठेवा. वाचता येत नसेल तर चित्र ठेवा. ज्याच्या पाठीमागे ते सापडेल, त्याने एकट्याने बघायचं आणि मामाने काय कळवलंय ते सांगायचं. मामाची बैलजोडी, मामाची बस चुकली, मामाकडे पाहुणे आले, अशी चित्रं असली की मुलं चित्रापलीकडचं पुष्कळ रचतात. कानगोष्टीचंही तसंच. गंमत म्हणून ठीक, पण प्रत्येकाच्या वाट्याला एकच वाक्य, तेही दुसऱ्याचं आणि कुजबुजत.

बाद करणारे खेळ मात्र मी वर्गातून काढून टाकलेत. चुकला की बाहेर बस, या नियमात सर्वांत आधी कोण बाहेर बसतं? ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, तेच मूल. शेवटी दोन हुशार मुलं खेळत राहतात आणि २६ जण बघत बसतात. त्यापेक्षा आपल्या गल्लीतल्या खेळांत फार शहाणी सोय आहे: चुकला त्याच्यावर राज्य. म्हणजे चुकणाऱ्याला जास्त खेळायला मिळतं. आणि दुसरी सोय म्हणजे लिंबूटिंबू. लहान भाऊ खेळात असतो, धावतो, ओरडतो, पण त्याची चूक धरत नाहीत. वर्गातल्या अगदी गप्प मुलाला मी सरळ लिंबूटिंबू करते, आणि ते चिडवण्यासारखं होऊ नये म्हणून अधूनमधून स्वतःही लिंबूटिंबू होते. अट एकच: खेळात बसायचं. बोललं तर बोललं. चूक मोजली जात नाही हे पक्कं कळलं, की काही आठवड्यांत मूल स्वतःच म्हणतं, 'मला खरं खेळायचंय.'

आठवडे बाजाराचा खेळ बहुतेक शाळांत होतो. टेबलावर भाज्या मांडतात, मुलं फेटे बांधतात, फोटो निघतो. बोलणं काय होतं? 'कांदा द्या.' 'घ्या.' 'किती झाले?' 'दहा.' संपलं. कारण त्यात अडचणच नाही. अडचण घाला. गिऱ्हाइकाच्या कानात सांगायचं: तुझ्याकडे २० रुपयेच आहेत आणि किलोभर वांगी घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, भरीत करायचंय. विकणारीच्या कानात सांगायचं: ३० च्या खाली देऊ नकोस, पण संध्याकाळपर्यंत माल संपला पाहिजे. आता दोघांना बोलण्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, वर्षभर मान खाली घालून बसणारी. आई बाजारात भाजी विकते. तिला विकणारी केलं, तर तिने पदर खोचल्यासारखा हात कमरेवर ठेवला आणि म्हणाली, 'अर्धा किलो घे वीसला. आन् उद्या माझ्याकडंच यायचं, तिकडं जायचं नाही.' समोरचा वर्गातला पहिला नंबर, त्याला उत्तर सुचेना. कोणत्या मुलाला काय येतं याचा आपला अंदाज पाठ्यपुस्तकावरून बांधलेला असतो. असा एखादा खेळ तो अंदाज मोडतो. बसचं तिकीट, दवाखाना, हरवलेल्या शेळीची चौकशी असे प्रसंग याच पद्धतीने चालतात, फक्त दोघांच्या कानात वेगवेगळं सांगायला विसरू नका.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही, पण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलं मैदानावर कोणत्या भाषेत बोलतात? आमच्याकडे गावात अहिराणी, पश्चिमेकडच्या पाड्यांवर कोकणा आदिवासींची कोकणी आणि भिली बोली. मूल खेळात म्हणतं, 'मनी माय वावरमा गयी.' इथे आपण 'असं नाही, नीट बोल' म्हटलं, की तो खेळ त्या मुलापुरता संपला. मधल्या सुटीतलं मूल आणि वर्गातलं मूल यांत तुम्हाला दिसणारा फरक बहुधा इथूनच येतो. मी एवढंच करते, की त्याचं वाक्य माझ्या बोलण्यात उचलते: 'अच्छा, तुझी आई वावरात गेली? मग घरी कोण आहे?' चूक काढली नाही, पण प्रमाण रूप कानावर पडलं आणि बोलणंही पुढे गेलं. प्रमाण मराठी शिकवायची नाही असं मी म्हणत नाही. त्यासाठी वेगळा खेळ आहे. मोज्याची एक हातबाहुली केली आहे, ती पुण्याहून आलेली आहे आणि तिला अहिराणी कळत नाही. मुलं तिला समजावून सांगताना आपणहून भाषा बदलतात. बाहुलीही त्यांच्याकडून अहिराणी शिकते आणि चुकीची बोलते, तेव्हा तिला सुधारायला सगळे तयारच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, त्यामुळे कुणी आडवं आलं तर आधारही आहे. अर्थात भिली किंवा मेळघाटाकडची कोरकू बोलणाऱ्या मुलाचं गणित अहिराणी मुलापेक्षा वेगळं असतं. त्याला मराठी ही जवळजवळ नवी भाषा आहे. असं मूल काही महिने नुसतं ऐकतं. त्याला ऐकून करायचे खेळ द्यावेत, 'भिंत'मध्ये ऐकून मांडणाऱ्याची बाजू द्यावी. सांगणारा करायची घाई नको.

चुका केव्हा सुधारायच्या? खेळ चालू असताना कधीच नाही. मी फिरत असते, कानावर पडलेलं एखाद-दुसरं वाक्य लक्षात ठेवते आणि खेळ संपल्यावर नाव न घेता फळ्यावर लिहिते. एका वेळी एकच. रोज दहा चुका सुधारल्या तर मुलं चुकायचं थांबवतात, म्हणजे बोलायचं थांबवतात.

आणि थांबा. हे सांगायला सोपं, करायला फार अवघड. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या संवादाची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. मी पाठीमागे हात बांधून बोटांवर तीन मोजते. पहिल्या आठवड्यात हे तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतील.

काही मुलं मात्र खेळाने बोलती होणार नाहीत, कारण अडचण वेगळी आहे. हाक मारल्यावर वळत नाही, सारखं 'आं?' करतं, तोंडाकडे बघून उत्तर देतं, कान वाहतो, अशा मुलाचे कान आधी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना यादीच हातात द्या. 'बघा हो जरा सगळ्यांना' असं म्हटलं तर हे मूल रांगेतून निसटतं. अडखळत बोलणाऱ्या मुलाला 'हळू बोल', 'श्वास घे' सांगू नका आणि त्याचं वाक्य पूर्ण करू नका. एकत्र म्हणण्यात आणि बऱ्याचदा सोंग घेऊन बोलण्यात अशी मुलं कमी अडखळतात, तेवढा खेळाचा उपयोग. बाकी काम वाचा-उपचार तज्ज्ञाचं.

आवाजाचं काय? १४ जोड्या बोलतील तर आवाज होणारच. पण गोंधळ आणि कुजबुजाट यांत फरक असतो आणि तो शिकवता येतो. माझ्याकडे खेळ नेहमी 'वर्गाच्या भिंतीला ऐकू न जाणाऱ्या आवाजात' असतो. ज्या जोडीचं बोलणं पलीकडच्या जोडीला ऐकू गेलं, त्यांची मांडणी फुटली असं समजायचं. म्हणजे हळू बोलण्यात मुलांचा स्वतःचा फायदा असतो. हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून गप्प व्हायचं, ही खूण खेळाशिवायच आठवडाभर घोटून घ्या. जागा असेल तर सात जोड्या ओट्यावर पाठवा, झाड असेल तर झाडाखाली. आणि शेजारच्या वर्गातल्या सरांना एकदा खेळायला बोलवा. निरोप येणं कमी होतं.

साहित्य विकत आणू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या, त्या पानं, बिया, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंवर. चिंचोके आणि झाकणं त्याच परंपरेतली आहेत. मोबाइलवरच्या ॲपचं म्हणाल, तर त्यात मूल बोट फिरवतं आणि फोन बोलतो. घ्यायचंच असेल, तर एका फोनवर दोघं बसवा आणि ज्याच्या हातात फोन आहे त्याने डोळे मिटायचे. दुसऱ्याने सांगायचं कुठे दाबायचं ते.

शाळा बघायला येणारे केंद्रप्रमुख विचारतील, 'याची नोंद कुठे?' वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत 'तोंडी काम' आहेच, पण आपण तिथे कविता पाठ म्हटली का तेवढं लिहितो. तिसरीपर्यंत वाचन-लेखन आणि गणिताचा पाया पक्का करण्यासाठीचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यातही मौखिक भाषाविकास आहे. पण तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे आकड्यात मोजता येतं म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे. बोलण्याला आकडा नाही, म्हणून ते मागे पडतं. मी रोज चार मुलांकडेच कान देते. २८ मुलं सात दिवसांत होतात. लिहायचं काय? स्वतःहून सुरुवात केली का. समोरच्याला प्रश्न विचारला का. कळलं नाही तर 'परत सांग' म्हणालं का. आणि वाक्य कशाने जोडलं: आधी नुसतं 'मग, मग', नंतर 'पण', 'म्हणून', 'कारण' केव्हा आलं. 'ऑगस्टमध्ये एका शब्दात उत्तर. डिसेंबरमध्ये: बकरी पळाली कारण दोर कच्चा होता,' अशी नोंद कोणत्याही श्रेणीपेक्षा जास्त सांगते. बोलणं मोबाइलवर टिपून ठेवलंत तर तीन महिन्यांनी तुलनेला फार उपयोगी पडतं. फक्त ते पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. अडखळलेलं वाक्य घरोघरी वाजलं, तर ते मूल पुन्हा बोलणार नाही.

पालक म्हणतील, 'शाळेत खेळायलाच पाठवतो का?' शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन पालकांना 'भिंत' खेळायला बसवा. भाषण देऊ नका. दप्तर उचललं की प्रश्न मिटतो.

सुरुवात चुकीच्या गोष्टीने करा, तिला काहीच लागत नाही आणि तुमचाही संकोच मोडतो. त्याच आठवड्यात हात वर करायची खूण घोटा. दुसऱ्या आठवड्यात 'भिंत', आधी तुमच्यात आणि एका मुलात, सगळ्यांसमोर, मुद्दाम 'इथं, इथं' करून. मग चार जोड्या, उरलेली मुलं पाटीवर लिहीत असताना. दोन-तीन दिवसांनी सगळ्या. एकच खेळ महिनाभर चालू दिला तरी बिघडत नाही. रोज नवा खेळ आणला, तर मुलांचा सगळा वेळ नियम समजण्यात जातो. वस्तू बदला, जोड्या दर सोमवारी बदला. पिशवी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. बाजार दिवाळीच्या सुटीनंतर घ्या. घासाघीस करायला जेवढी वाक्यं लागतात, तेवढी तोवर जमलेली असतात.